चौथ्या दिवशी पाणी येतंय, आता म्हणतात मीटर बसवा. बसवू द्यावं का?

गल्लीतला_नळ
मंडळी, सल्ला पाहिजे. आमचं मराठवाड्यातलं तालुक्याचं गाव, नाव टाकत नाही कारण अर्धी नगरपरिषद इथंच वाचत बसलेली असते. पाणी चौथ्या दिवशी, ते पण पाऊण तास, कधी पहाटे तर कधी दुपारी बाराला, म्हणजे पाण्याच्या दिवशी घरातलं एक माणूस अडकलंच. गल्लीत सगळ्यांनी नळाला डायरेक्ट मोटर लावलीय, आम्ही लावली नव्हती तोवर बादलीभर येईना म्हणून शेवटी आम्ही पण लावली (शिव्या नका घालू). आता नवी योजना मंजूर झालीय म्हणे, नवी पाईपलाईन, घरोघरी मीटर आणि चोवीस तास पाणी. वडील म्हणतात धरणात पाणी नाही आणि हे चोवीस तास कुठून देणार, उगाच पाणीपट्टी वाढवायचे धंदे. शनिवारी वॉर्डाची बैठक आहे. विरोध करायचा की नाही?

रिटायर्ड_पाणीवाला
वडिलांची शंका बरोबर आहे पण अर्धीच. चोवीस तास पाणी म्हणजे जास्त पाणी असं सगळे धरून चालतात. नळाला चोवीस तास पाणी आलं म्हणून माणूस चोवीस तास आंघोळ करत नाही, लागेल तेवढंच घेतो. उलट आत्ता बघा काय होतं, पाणी सुटलं की घरातलं कालपरवाचं 'शिळं' पाणी मोरीत ओतायचं आणि परत सगळी भांडी भरायची. तोट्या तर निम्म्या घरांना नसतातच, हौद भरला की राहिलेलं गटारात.

आणि दुसरी गोष्ट जी कुणी सांगत नाही. पाणी बंद झालं की लाईन रिकामी होते, आतलं प्रेशर जातं, मग जिथं जिथं गळती आहे तिथून शेजारच्या गटारातलं पाणी आत ओढलं जातं. तुमच्या मोटरी त्यात भर घालतात, त्या नुसतं पाणी ओढत नाहीत तर भोकातून घाण पण ओढतात. पहिली पाच मिनिटं गढूळ वास मारणारं पाणी येतं ना, ते हेच. हुबळी-धारवाडला 2008 च्या सुमाराला थोड्या वॉर्डांत चोवीस तास पाणी सुरू केलं, बाकी शहरात जुनी पद्धत चालूच होती, म्हणून अभ्यासकांना दोन्हीकडचे नमुने शेजारी ठेवून तपासता आले. चोवीस तासवाल्या नळांत मैल्याचे जंतू क्वचित सापडले, बाकीच्यांत बरेच. शुद्धीकरण केंद्रातून पाणी स्वच्छच निघतं हो, वाटेत नासतं.

मात्र उद्भवच, म्हणजे पाणी जिथून उचलतात ते धरण किंवा विहीरच, आटला तर कुठलीच पाईपलाईन कामाची नाही, 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं तेव्हा सगळ्यांनीच बघितलंय.

कऱ्हाडची_लेक
माझं माहेर कऱ्हाडजवळचं मलकापूर, तिथं राज्य सरकारच्या जीवन प्राधिकरणाच्या (पाणीयोजना करणारं खातं) मदतीनं चोवीस तासाची योजना झाली त्याला आता पंधरा वर्षं तरी झाली असतील. कोयनेचं पाणी, घरोघरी मीटर, आणि दर टप्प्याटप्प्यानं चढता, म्हणजे बेतानं वापरणाऱ्याला स्वस्त आणि जो बागेला पाईप लावून ठेवतो त्याला महाग. सुरुवातीला तिथं पण आरडाओरडा झालाच होता. नंतर वापर वाढायच्या ऐवजी कमी झाला. आई तरी दोन वर्षं पिंप भरून ठेवायची सोडत नव्हती, सवय हो, म्हणायची यांचा काय भरवसा.

पण ताकाला जाऊन भांडं लपवू नये, मलकापूर लहान गाव आणि नदी उशाला. तुमच्याकडं तसं आहे का ते बघा.

वांगं_जळगावचं
सगळे गोडगोड बोलतायत म्हणून मी जरा कडू बोलतो. आमच्याकडं आधी मीटर बसवले, पाणी आलं दिवसाआड. पाणी सुटताना लाईनीतली हवा पुढं ढकलली जाते आणि मीटर भिंगरीसारखं फिरतं. हवेचं बिल भरा! वर गाळानं निम्मे मीटर जाम. शेवटी लोकांनी काढून फेकले आणि परत ठोक पाणीपट्टी. तेव्हा मीटर आधी आणि पाणी मग असं कुणी म्हणालं तर सरळ विरोध करा. झोपडपट्टीत कनेक्शनचा खर्च कोण देणार हे पण विचारा, ती माणसं आज टँकरवाल्याला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त मोजतात.

मेकाँगकाठी
वांगंभाऊंच्या शेवटच्या मुद्द्यावर लिहितो, कामानिमित्त कंबोडियात काही काळ होतो. राजधानी नॉम पेन्ह, 1993 साली युद्धातून उठलेलं शहर. सोडलेल्या पाण्यातलं 72 टक्के बेहिशेबी, म्हणजे गळती नाहीतर चोरी, आणि चोरीत खात्याचेच लोक सामील. एक सोन चान नावाचे इंजिनियर प्रमुख झाले. त्यांनी आधी घरोघर फिरून कोणाचं कनेक्शन खरं कोणाचं खोटं याची यादी केली, मग मीटर, मग बड्या लोकांचं फुकट पाणी बंद. एका लष्करी अधिकाऱ्यानं तर त्यांच्यावर बंदूक रोखली होती. गळती शोधायला रात्रंदिवस पथकं आणि गळती कमी केली की पथकाला बक्षीस. पुढं बेहिशेबी पाणी सहा टक्क्यांच्या आसपास आलं, जे आपल्या कुठल्याही महापालिकेला स्वप्नातसुद्धा जमणार नाही. 2006 ला त्यांना मॅगसेसे मिळालं.

गरिबांना कनेक्शनच्या खर्चात 30 पासून 100 टक्क्यांपर्यंत सूट होती, ऐपतीप्रमाणे. आणि दरवाढ तीन टप्प्यांत ठरली होती, दोन केल्या, तिसरीची गरजच पडली नाही कारण वसुली आणि गळती दोन्ही ताळ्यावर आल्या. हे तुमच्या वडिलांना जरूर सांगा.

सिन्नरची_सून
नळाचं झालं, पण पाणी आलं की सांडपाणी पण येणार ना? तालुक्याच्या गावात भुयारी गटार कुठलं, सगळ्यांच्या सेप्टिक टँक, त्या भरून वाहिल्याशिवाय कुणी गाडी बोलवत नाही आणि गाडीवाला मैला नेऊन ओढ्यात सोडतो, तोच ओढा पुढं कुणाच्या तरी विहिरीजवळून जातो. आमच्या सिन्नरला आणि वाईला नगरपरिषदेनं पाळी लावलीय, साधारण तीन वर्षांनी एकदा गाडी आपणहून दारात येते, पैसे वेगळे द्यायचे नाहीत, करातूनच जातात, आणि मैला प्रक्रिया केंद्रावर जातो. पहिल्यांदा गाडी आली तेव्हा आमच्या टाकीचं झाकणच सापडेना, सासऱ्यांनी वरून कोटा फरशी घातलेली! दोन फरश्या फोडल्या.

गल्लीतला_नळ
सगळ्यांचे आभार, बैठकीत बोलायला बराच मसाला मिळाला. पाणीवाले काका, नेमकं विचारू काय? तिथं साहेब लोक आकड्यात गुंडाळतात.

रिटायर्ड_पाणीवाला
आकडेच माग. जलकुंभातून रोज किती पाणी सुटतं हे मोजायला तिथं मोठं मीटर आहे का, आणि असलं तर चालू आहे का. बहुतेक गावांत पंप किती तास चालला त्यावर अंदाजपंचे लिहितात. मग अख्खं गाव एकदम घेणार की एका टाकीचा भाग आधी. एकदम घेणार म्हणाले तर लेखी हरकत दे, कारण जुन्या लाईनीवर चोवीस तास प्रेशर टाकलं की गळती पण चोवीस तास चालते आणि महिन्याभरात परत चौथ्या दिवसावर गाडी येते. ज्या भागात नवी लाईन पूर्ण झाली, जुनी कनेक्शनं तोडून नव्यावर घेतली, तिथंच मीटर, आणि पाणी सलग सुरू झाल्यावरच मीटरचं बिल, असं ठरावात लिहून घ्या, तोंडी नको. तुमची मोटर मात्र त्याआधी काढा, बैठकीत कुणीतरी तेच काढणार.

वांगं_जळगावचं
आणि वॉलमनला बैठकीला न्या. कुठला वॉल कुणाच्या फोनवर जास्त वेळ उघडा राहतो ते त्यालाच माहीत.

गल्लीतला_नळ
तो येणार नाही हो. त्याचा पगार चार महिने थकलाय, परवा तोच सांगत होता.