पहिला प्रोग्रेसिव्ह चष्मा: ऑनलाइन की दुकानातून?

पानगळ:
शाळेपासून चष्मा आहे, दोन्ही डोळ्यांना मायनस ६.५०. आता चाळिशीही लागली, म्हणून डॉक्टरांनी प्रोग्रेसिव्ह (एकाच काचेत वर लांबचा, खाली वाचायचा नंबर) लिहून दिलाय, ॲडिशन म्हणजे वाचण्यासाठीचा वाढीव नंबर १.५०. ऑनलाइन एक अरुंद, नाजूक फ्रेम मनात भरली आहे आणि किंमतही दुकानापेक्षा बरीच कमी. पण ऑर्डर करताना पीडीचा, म्हणजे दोन बाहुल्यांमधल्या अंतराचा आकडा मागितला आणि तो माझ्या कागदावर नाहीच. फोनने मोजला तर एकदा ६१ आला, एकदा ६४. तीन मिलिमीटरनं असा काय फरक पडणार? कुठून घेऊ?

रानवाट:
माझा नंबर मायनस १.२५, साधा सिंगल व्हिजन, म्हणजे पूर्ण काचेला एकच नंबर. बरीच वर्षं ऑनलाइनच घेतेय, कधी त्रास नाही. जुन्या चष्म्याच्या दांडीवर आतून ५२-१८-१४० असे आकडे असतात: काचेची रुंदी, नाकावरचं अंतर, दांडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. त्याच्या जवळपासची फ्रेम निवडली की चेहऱ्यावर नीट बसते. बिनधास्त घ्या.

काचकाम:
रानवाट, तुमच्या नंबरला ते चालतं. पानगळ यांना मी तसं सांगणार नाही. चष्मे बसवून देणं हेच माझं रोजचं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

काचेचा मध्य बाहुलीपासून जितके सेंटिमीटर सरकेल, त्याला नंबरनं गुणायचं. तेवढा प्रिझम, म्हणजे प्रतिमा बाजूला सरकवणारा परिणाम, त्या डोळ्यावर येतो. पीडी तीन मिलिमीटरनं चुकला तर एकेका डोळ्याला साधारण दीड मिलिमीटर, म्हणजे ०.१५ सेंटिमीटर. ०.१५ गुणिले ६.५, म्हणजे जवळजवळ १, आणि दोन्ही डोळ्यांचा मिळून २. मायनस १ वाल्याला याच चुकीचा प्रिझम जेमतेम ०.३ येतो. त्याला कळणारही नाही, तुमचं मात्र डोकं धरेल.

शिवाय प्रोग्रेसिव्हला नुसता पीडी पुरत नाही. आधी फ्रेमचे नोज पॅड आणि दांड्या तुमच्या चेहऱ्याप्रमाणे वाकवून घ्यायच्या. मग तुमच्यासमोर, डोळ्याला डोळा येईल अशा उंचीवर बसून डमी काचेवर मार्करनं बाहुलीची खूण करायची, डावी-उजवी वेगळी. हा क्रम उलटा झाला, म्हणजे खूण आधी आणि फ्रेम नंतर वाकवली, तर सगळं माप फुकट. हे काम घाईनं उरकलेलं पाहिलं की मला फार वाईट वाटतं, कारण माणूस शेवटी ‘मला प्रोग्रेसिव्ह झेपतच नाही’ म्हणून सोडून देतो.

अरुंद फ्रेमचा मोह आवरा. बाहुलीपासून खालच्या कडेपर्यंत साधारण १८ मिलिमीटर तरी हवेत. काही डिझाइन कमी उंचीतही बसतात, पण फारच अरुंद फ्रेममध्ये वाचायचा भाग काच कापतानाच निघून जातो.

पानगळ:
मग फ्रेम ऑनलाइन घेऊन काचा दुकानात बसवल्या तर?

काचकाम:
बरीच दुकानं बसवून देतात. बसवताना फ्रेम तडकली तर भरपाई कोणाची, ते आधी विचारा. आणि सवय झाली नाही तर काचा बदलून देणार का, किती दिवसांत, हे बिलावर लिहून घ्या. दुकान निवडताना मी सूट बघणार नाही, हे बघेन.

काच १.६७ इंडेक्सची, म्हणजे त्याच नंबरला पातळ होणारी घ्या, पण कड पातळ करण्यात फ्रेमचाही मोठा हात असतो. गोलसर आणि बेताची, डोळे तिच्या मधोमध येतील अशी शोधा.

चष्मा हातात आला की काचेवरच्या छापील खुणा लगेच पुसू देऊ नका. तो घालून खुणा बाहुलीवर येतात का, ते दुकानदाराकडून तपासून घ्या.

रानवाट:
माझ्या आईच्या नव्या प्रोग्रेसिव्हच्या खुणा दुकानातच पुसून दिल्या. आता कसं तपासायचं?

काचकाम:
तपासता येतं. काचेवर एकमेकांपासून ३४ मिलिमीटरवर दोन बारीक खुणा कोरलेल्या असतात, उजेडात तिरकी धरली की दिसतात. त्यावरून कंपनीच्या तक्त्यावर ठेवून सगळ्या खुणा पुन्हा काढता येतात. आईंना सोबत घेऊन जा, चष्मा एकटा पाठवू नका.