मदत हवी आहे: मंडळाला मशीद-चर्चवाल्या आघाडीत न्यायचंय, पण आमचंच बिल आडवं आलंय

खजिनदार_बिचारा

नमस्कार मंडळी. ईस्ट लंडनमधल्या एका छोट्या मराठी मंडळाचा मी खजिनदार, म्हणजे वर्गण्या मागून लोकांची तोंडं वाकडी करणारा माणूस. धागा जरा लांबलाय, चहा घेऊन बसा.

लेकीच्या शाळेतून आमच्या मंडळाला निरोप आलाय की इथल्या नागरिक आघाडीत या. ही आघाडी १९९६ पासून आहे, नाव टेल्को (पिंपरीची नव्हे, दि ईस्ट लंडन कम्युनिटीज ऑर्गनायझेशन). चर्च, मशिदी, शाळा अशा संस्था वार्षिक वर्गणी भरून सभासद होतात, एकटादुकटा माणूस नाही. व्हाइटचॅपलची मोठी मशीद आहे, कॅथलिक चर्चेस आहेत. यांनीच २००१ मध्ये लिव्हिंग वेजची, म्हणजे घर नीट चालेल इतक्या पगाराची मोहीम काढली, कारण दोन-दोन नोकऱ्या करून आईबापांना पोरं बघायला मिळत नव्हती. २००३ मध्ये कॅनरी वॉर्फला रात्री ऑफिस झाडणारा एक माणूस एचएसबीसी बँकेच्या वार्षिक सभेत उठून थेट अध्यक्षांशी बोलला, ज्यांचं ऑफिस तो रोज साफ करायचा त्यांच्याशीच. हे वाचलं आणि मी शाळेला ‘हो, विचारतो कमिटीला’ म्हणून बसलो.

कमिटीत काय झालं असेल ते तुम्हाला कळलंच असेल. एक काका म्हणाले आपण सांस्कृतिक मंडळ, राजकारण नको. दुसरे म्हणाले मशिदीबरोबर फोटो आला की देशातल्या फॅमिली ग्रुपवर काय होईल माहितीये ना. तिसऱ्या ताई म्हणाल्या आपली माणसं आयटीत, आपल्याला यातून काय मिळणार. हे तिसरं मला खरंच लागलं, कारण आपली माणसं सगळी आयटीत नाहीत हे वर्गणीच्या वहीवरून मला दिसतं. सांगली-कोल्हापूरकडच्या दोन मुली केअर होममध्ये आहेत, एजंटला लाखांनी पैसे देऊन आलेल्या, नोकरी गेली तर ६० दिवसांत दुसरा स्पॉन्सर (व्हिसासाठी नाव लावणारा मालक) शोधा नाहीतर परत जा. त्या पाच पौंड सुटे आणून देतात आणि कार्यक्रमाला येत नाहीत, शिफ्ट असते म्हणून.

आता खरी अडचण. दिवाळीचा कार्यक्रम झाला त्या रात्री मी किल्ली द्यायला मागे थांबलो होतो. हॉलच्या कार्पेटवर आमच्या बायकांनी काढलेली भलीमोठी रांगोळी, त्यावर पोरं नाचून गेलेली, गुलाबी रंग पार धाग्यात उतरलेला. एक गोव्याची मावशी गुडघ्यावर बसून तो ब्रशने घासत होती, बार्देशची, पोर्तुगीज पासपोर्टवर आलेली. मी उगाच एक कचऱ्याची पिशवी बांधायला लागलो आणि विचारलं किती तास लागणार. म्हणाली पैसे तीन तासांचे, काम संपेल तेव्हा संपेल, ‘कितें करतलें पुता’. एजन्सी तिला तासाला १२.२१ पौंड द्यायची. कायद्याने बरोबर, एप्रिल २०२५ पासूनचं किमान वेतन तेच होतं आणि सरकारने त्याचंच नाव ‘नॅशनल लिव्हिंग वेज’ ठेवून सगळ्यांचा गोंधळ केलाय. मोहिमेतल्या खऱ्या लिव्हिंग वेजचा लंडनचा दर ऑक्टोबर २०२५ मध्ये १४.८० झाला. तासाला अडीच पौंडांच्या वर फरक, आठवड्याला वीस तास धरले तरी पन्नास पौंड होतात.

घरी येऊन हॉलचं बिल काढलं. ‘क्लीनिंग चार्ज ११० पौंड’. सही माझी. तिच्या हातात त्यातले चाळीससुद्धा जात नाहीत.

तर मदत अशी हवीये की येत्या कमिटीला मी काय बोलू. आधी आपलं बिल नीट करा मग आघाडीत जा असं म्हणू, का आधी जाऊ आणि तिथून हे करून घेऊ? आणि मंडळ नोंदणीकृत चॅरिटी आहे तर असल्या गोष्टी करता येतात का? अनुभव असलेल्यांनी लिहा, उपदेश करणाऱ्यांनी पण लिहा, सवय आहे.

लेस्टरची_लेक

चॅरिटीचं आधी सांगते. आपल्या उद्देशाला धरून मोहीम करता येते, कुठल्या पक्षाचा किंवा उमेदवाराचा प्रचार करता येत नाही. काकांना सांगा की २००५ पासून लंडनचा दर महापौरांच्या ऑफिसातून निघायला लागला तेव्हा महापौर मजूर पक्षाचे केन लिव्हिंग्स्टन होते, मग हुजूर पक्षाचे बोरिस जॉन्सन आले आणि त्यांनीही तो उचलून धरला. दोघांकडून हो म्हणवून घेतलं, म्हणजे पक्षाचं काम कुठे झालं?

परखड_पंत

मला एकच शंका. आज पगार म्हणताय, उद्या ते काश्मीर काढतील, परवा पॅलेस्टाइन. मग मंडळ काय करणार? हात वर करणार की खाली?

कोपऱ्यावरचा_चहावाला

पंत, शंका रास्त आहे. मी दुसऱ्या शहरात अशा आघाडीत चार वर्षं होतो, आमच्याकडे हे सरळ बाजूला ठेवायचे. ज्यावर सगळ्यांचं एकमत आणि जे मिळवता येईल तेच घ्यायचं, पगार, घरभाडं, बसथांब्यावरचा दिवा असलं. देव कोणाचा खरा यावर कोणी चर्चा करत नाही, त्यासाठी वेळच नसतो.

खजिनदारसाहेब, तुम्ही कमिटीला भाषण देऊ नका. तिथेच सगळे चुकतात. एकेकाला वेगळं भेटा, अर्धा तास, फॉर्म नाही, वही नाही. ‘तुमचं कसं चाललंय, झोप कशाने उडते’ एवढं विचारा आणि गप्प बसा. गप्प बसणं आपल्याला जमत नाही, तेच शिकावं लागतं. फोटोला घाबरणाऱ्या काकांना पहिलं भेटा, त्यांनी इथे येऊन सुरुवातीला काय काम केलं ते विचारा.

भिवंडीकर

इतकं लांब कशाला जाताय. १९८४ च्या दंगलीनंतर आमच्याकडे १९८८ मध्ये डीसीपी सुरेश खोपडे आले आणि मोहल्ला कमिट्या काढल्या, हिंदू-मुसलमान दोन्ही, गल्लीतली साधी माणसं. ९२ ला मुंबई पेटली आणि भिवंडी शांत राहिली. पण एक सांगतो, त्या पोलिसांनी काढलेल्या कमिट्या, तिथे दंगलीचा विषय निघायचा, लूमवर बारा तास उभं राहणाऱ्याच्या मजुरीचा नाही. तुमच्याकडे उलटं, सुरुवातच मजुरीपासून. मला तर हेवा वाटला वाचून.

लेस्टरची_लेक

आणि बिलाबद्दल. त्या मावशीचे मालक तुम्ही नाही, हॉलवाले पण नाहीत, एजन्सी आहे, आणि तिथेच सगळे हात झटकतात. पण हॉलवाल्यांनी लिव्हिंग वेज देणारी संस्था म्हणून मान्यता घ्यायची म्हटली तर ठेकेदाराची माणसंही त्यात धरावी लागतात, आठवड्याला दोन तास आणि सलग आठ आठवडे किंवा जास्त काम करणारी. म्हणजे मागणी हॉलवाल्यांकडे करायची. पण वर्षातून तीनदा हॉल घेणाऱ्या तुमच्या मंडळाचं ते ऐकतील का? त्या हॉलचे बाकीचे भाडेकरू कोण आहेत?

खजिनदार_बिचारा

ताई, तुमच्या या प्रश्नाने मी काल संध्याकाळी हॉलवर जाऊन भिंतीवरचा बुकिंगचा तक्ता बघितला. सात वर्षं त्या तक्त्यासमोर उभा राहून फक्त आपली तारीख शोधली होती. रविवारी सकाळी नायजेरियन चर्च, शनिवारी तमिळ शाळा, मंगळवारी बांगलादेशी आजोबांचा कॅरम, शुक्रवारी दुपारी कोणाची तरी नमाज. सगळ्यांच्या बिलात तोच क्लीनिंग चार्ज असणार. कॅरमवाल्या एका आजोबांना विचारलं तर त्यांचा मुलगाच रात्री ऑफिसं साफ करतो, बोलता बोलता त्यांनी मला बसवून घेतलं आणि मी दोन डाव हरलो.

फोटोवाल्या काकांनाही भेटलो. चहावाल्यांनी सांगितलं तसं गप्प बसलो, फार जड गेलं. काका ७९ साली आले तेव्हा ब्रेडच्या कारखान्यात रात्रपाळी करायचे, हे मंडळात कोणालाच माहीत नाही. अजून हो म्हणाले नाहीत, पण चर्चवाल्यांना भेटायला जाशील तेव्हा मला सांग म्हणाले.

मावशीशी पण बोललो, कारण तिला न विचारता तिच्या नावाने काही करणं बरं दिसलं नसतं. ती म्हणाली करा, पण ‘म्हजें नांव घेवूं नाका’, आणि जानेवारीपर्यंत थांबा, नाताळच्या आधी तास कापले तर तिला परवडणार नाही. तेव्हा जानेवारी. तोवर नायजेरियन चर्चच्या पास्टरांशी ओळख काढायचीये. कोणाची असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

परखड_पंत

पुढच्या वर्षी रांगोळी पुठ्ठ्यावर काढा आधी.

खजिनदार_बिचारा

पंत, हे मान्य. पुठ्ठा मी आणतो.