ट्रेकला पंख्याची लाकडी शेगडी: फुंकणी पुरे की पंखा हवाच?

कातळवेडा
दोन पावसाळे, दोन हिवाळे वापरून माझी पंख्याची शेगडी परवा मेली. डबल भिंतीचा स्टीलचा डबा, बुडाशी बारका ब्लोअर, यूएसबीवर चार्ज होणारी बॅटरी, तसली. मेली म्हणजे डबा ठणठणीत आहे, आतली जाळी थोडी वाकलीये आणि तळाला काळी खपली सुटते, पण अजून पाच वर्षं त्यावर खिचडी होईल. गेला तो पंखा. आधी कुरकुरायला लागला, मग काडीने ढोसला की फिरायचा, आता तेही नाही. उघडून बघावं तर बूड रिव्हेट मारून बंद! साडेचार हजारांची वस्तू शे-दीडशेच्या पंख्यापायी माळ्यावर. माझं मत झालंय की ही वस्तू गच्चीवर चहा करायला ठीक, डोंगरात न्यायची नाही. कोणाचं वेगळं असेल तर या, भांडायला तयार आहे.

रानभूल
भांडायलाच आलेय. पंखा म्हणजे शोभा नाही रे, शेगडीचा जीव तोच आहे. खालून थोडी हवा जाते आणि बाकीची दोन भिंतींमधून तापत वर येऊन काठाजवळच्या भोकांतून आत सुटते, लाकडातून निघालेला धूर तिथे पेट घेतो, म्हणून एकदा धग धरली की धूर जवळजवळ दिसतच नाही. पंखा काढलास तर उरला तो डालड्याचा डबा. मी जुलैत राजमाचीला फक्त वरची साल सोललेल्या काटक्यांवर चौघांचा चहा केलाय, शेजारचा ग्रुप तोवर तीन दगडांपुढे ओणवा होऊन फुंकर मारत डोळे पुसत होता. माझी चौथं वर्ष चालू आहे. आता खरं सांग, जेवण झालं की पंखा लगेच बंद करायचास ना? निखारे असेपर्यंत तो चालू ठेवायचा असतो, नाहीतर सगळी धग खाली उतरते आणि मोटर, वायर, बॅटरी सगळं शेकून निघतं.

गॅसवाला बंड्या
शंभर ग्रॅमचा बर्नर आणि २३० ग्रॅम गॅसचं कॅनिस्टर, म्हणजे छोटा सिलिंडर. वाऱ्याला आडोसा केला तर दहा-बारा लिटर पाणी आरामात उकळतं. काटक्या वेचा, त्या बोटाएवढ्या तोडा, दर दोन-तीन मिनिटांनी आत सारा, वर पातेलं काळंकुट्ट, मग ते सॅकमध्ये कशाला लागू नये म्हणून पिशवीत, ती पिशवी अजून एका पिशवीत. हौस आहे तुमची, चालू द्या.

रानभूल
पातेल्याला बाहेरून ओल्या मातीचा नाहीतर राखेचा लेप द्यायचा, काळं सगळं लेपासोबत निघतं, आजीला विचार. आणि बंड्या, तू कसाऱ्याला लोकलने जातोस ना? रेल्वेत गॅस न्यायला बंदी आहे हे माहितीये की सांगू?

गॅसवाला बंड्या
उतरल्यावर घेतो 😄

लास्टलोकल
पंखा बिघडायची एवढीच भीती तर स्वतःची वीज स्वतः बनवणारी घ्या की. बायोलाइटची कॅम्पस्टोव्ह २०१२ पासून बाजारात आहे. आत एक पट्टी असते, तिची एक बाजू गरम एक थंड ठेवली की वीज तयार होते, तिच्यावर पंखा फिरतो आणि वर मोबाइलही चार्ज होतो. बाहेरची बॅटरी, सेल काही नको.

कातळवेडा
मोबाइल चार्जिंगचं गणित करून बघ एकदा. तिची नवी आवृत्ती ३ वॉट देते, ते पण जाळ भरपूर असताना. ५००० एमएएचचा फोन म्हणजे साधारण १९ वॉट-तास, म्हणजे सहा तासांच्या वर एकजण काटक्या सारत बसणार. शेगडीचं वजन ९३५ ग्रॅम. त्यापेक्षा दहा हजार एमएएचची पॉवर बँक पाव किलोच्या आत येते आणि तिला सरपण लागत नाही. आणि पंखा तिच्यातही आहेच की, तो बिघडला तर तू उघडणार आहेस का?

लास्टलोकल
हो पण चार दिवसांचा ट्रेक असेल तर पॉवर बँक संपते, जाळ संपत नाही. असो, मी अजून घेतलेली नाही.

ओव्हरसियर काका
अहो मंडळी, पंख्याच्या शेगडीचं भांडण नवीन नाही. पुण्याच्या फर्स्ट एनर्जीची ‘ऊर्जा’ शेगडी आठवते का कुणाला? मुळात बीपी या तेल कंपनीने बंगळूरच्या आयआयएससी या विज्ञान संस्थेच्या डिझाइनवरून काढली होती, आत पंखा, जळण म्हणून शेतातल्या टाकाऊ मालाच्या दाबून केलेल्या गोळ्या. महाराष्ट्र-कर्नाटकात मिळून चार लाखांच्या आसपास खपल्या. मग गोळ्या महागल्या आणि लोक परत चुलीकडे नाहीतर सिलिंडरकडे गेले. म्हणजे पंखा फिरता असूनही शेगडी बसली, कारण तिला वाटेल ते जळण चालत नव्हतं. तुमच्या शेगडीचं तसं नाही, तिला काटकी, करवंटी, कणसाचं बुरकूड काहीही चालतं, हा मोठा फायदा तुम्ही कोणी बोललाच नाहीत.

दुसरं, पंखा जाळाच्या बरोबर खाली बसवणं हीच मुळात चूक. मी घरी दोन डबे एकात एक घालून केलीये, पंखा हातभर लांब, मध्ये लोखंडी पाइप. पंखा कॉम्प्युटरच्या दुकानातला, पाच व्होल्टचा, बॉल बेअरिंगवाला, कारण बुशवाल्याचं वंगण उष्णतेने वाळतं आणि मग तो कुरकुरतो. एक अडचण मात्र आली, पंखा इतकी कमी वीज खातो की पॉवर बँकला वाटतं काही जोडलेलंच नाही आणि ती आपोआप बंद पडते! दोन वेळा भात अर्धा कच्चा राहिला तेव्हा कळलं. आता त्याच बँकेवर एक छोटा यूएसबी दिवा पण लावून ठेवतो.

वेल्हेकर
तुमचं इंजिनिअरिंग वाचून मजा आली पण आमच्या बाजूने पण बघा. "जाळ संपत नाही" असं तुम्ही म्हणता, पण ते सरपण आमच्या रानातलं असतं. पडलेल्या काटक्या कोणी नाही म्हणत नाही, पण दर शनिवारी दीडशे माणसं वर आली की पडलेलं संपतं आणि कोयता निघतो, कारवी तोडतात, ओली तोडतात, मग ती जळत नाही म्हणून टाकून जातात. राखीव जंगलात जाळ करणं १९२७ च्या वन कायद्याच्या कलम २६ प्रमाणे गुन्हा आहे, शेगडीत केला म्हणून सुटका नाही. आणि गुहेत, टेंटमध्ये तर अजिबात पेटवू नका. निखाऱ्याचा धूर दिसत नाही म्हणजे विषारी वायू नाही असं नसतं.

रानभूल
मान्य. पण दादा, शेगडीला ओंजळभर काटक्या लागतात आणि शेकोटीला मोळी, एवढा तरी फरक कराल? मी घरूनच पिशवीत वाळलेल्या ढलप्या नेते, रानातलं काही घेत नाही.

वेल्हेकर
ताई, तुम्ही नेता. बाकीचे कोयता नेतात.

गॅसवाला बंड्या
म्हणजे लाकूडही घरून, शेगडीही घरून, पॉवर बँकही घरून, आणि बोलणी मला, एका सिलिंडरपायी 🙏

रानभूल
तुझी रिकामी कॅनिस्टरं कुठे जातात ते पण सांग मग. मागच्या महिन्यात गडावर पाण्याच्या टाक्याजवळ चार मिळाली.

ओव्हरसियर काका
कातळवेडा, रिव्हेटचं दुःख करू नका, साडेतीन एमएमच्या ड्रिलने उडवा आणि जागी नट-बोल्ट टाका. आत काय दिसतं त्याचा फोटो टाका, गंज असेल तर मला एक शंका आहे.

कातळवेडा
उडवले. ब्लोअरच्या पात्यांवर राखेचा वाळलेला चिखल, सिमेंटसारखा घट्ट, आणि मोटरची दांडी गंजून लाल.

ओव्हरसियर काका
राख उडून आत जाते, पण तिचा चिखल पाण्याशिवाय होत नाही.

रानभूल
कातळवेडा???

कातळवेडा
शेवटची जीप चुकेल म्हणून निखाऱ्यावर पाणी ओतायचो. दर वेळी नाही. बऱ्याचदा.
पण तरी माझं म्हणणं तेच आहे, सह्याद्रीत न्यायच्या वस्तूला तांब्याभर पाणी सोसवत नसेल तर ती कसली टिकाऊ.

रानभूल
उकळत्या स्टीलच्या बुडात बसवलेल्या मोटरवर पाणी ओतून वर टिकाऊपणाचा धागा काढलास. जाळी पण त्यामुळेच वाकली असणार. पंखा कितीचा घेतोयस ते कळव, माझ्यासाठीही एक जास्तीचा आण.