प्रति: लंडनचं वॉर म्युझियम मुलांना झेपेल का?

१२ आणि १५ वर्षांच्या पोरांना इंपिरियल वॉर म्युझियम झेपेल का विचारलंय, तर झेपेल की, फक्त होलोकॉस्ट (नाझींनी केलेलं ज्यूंचं हत्याकांड) गॅलरीत धाकट्याला नेऊ नका, १४च्या खालच्यांना नको असं म्युझियमच सांगतं. तेवढ्या वेळात तुमच्यापैकी एकाने त्याला पहिल्या महायुद्धाच्या गॅलरीत न्यावं, तिथे उभारलेल्या ट्रेंचमधून, म्हणजे सैनिकांच्या खंदकातून, चालत जाता येतं, वर सॉपविथ कॅमल विमान टांगलंय. मोठ्याला हॉलमधलं व्ही-२ रॉकेट (दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन क्षेपणास्त्र) नीट दाखवा, आमची पोरं आधी नुसती भारी भारी करत फोटो काढत होती, मग ही रॉकेटं नाझींच्या छळछावणीतल्या कैद्यांना मरेस्तोवर राबवून बनवली हे कळल्यावर प्रश्नावर प्रश्न सुरू. एंट्री फुकट आहे त्यामुळे एका दमात सगळं उरकायचा अट्टाहास नको, डबा न्या, बाहेर बाग आहे.