वायफायवर १९ एमबीपीएस, केबलवर ९४: राउटरमध्ये काय चुकतंय?

अडाणकाठ
दारव्हा तालुक्यातलं गाव, फायबरची लाईन, प्लॅन १०० एमबीपीएसचा. वायफाय ओएनटीतच (फायबर ज्या पेटीला जोडलेली असते, तीच राउटरचंही काम करते) आहे, फक्त २.४ गिगाहर्ट्झ. मोबाइल ओएनटीपासून चार फुटांवर धरला तरी स्पीड १८-२० च्या वर जात नाही. लॅपटॉप लॅन केबलनं जोडला की ९४. लाईन तुटल्याचा लाल दिवा लागत नाही. मोबाइलमधल्या वायफायच्या माहितीत लिंक स्पीड (मोबाइल आणि राउटरमधल्या जोडणीचा वेग) ५४ दिसतो, पहाटे ५ ला बघा की रात्री ९ ला. गावात आणखी दोनच वायफाय दिसतात. लाईनवाला म्हणतो नवीन राउटर घ्या. घ्यावाच लागेल का? शिवाय गोठ्यातल्या कॅमेऱ्याला नेट द्यायचं आहे, अंतर साधारण २५ मीटर.

पैनगंगा
भाऊ, राउटरवर पैसे घालू नका. केबलवर ९४ येतात म्हणजे लाईन ठणठणीत आहे. १०० च्या पोर्टमधून प्रत्यक्षात तेवढेच निघतात.

खरी खूण त्या ५४ मध्ये आहे. ८०२.११जी हे वायफायचं २००३ चं मानक, त्याची कमाल लिंक ५४, आणि त्यातून हाती येतात २० च्या आसपास. तुम्हाला नेमके तेवढेच मिळताहेत. अंतरामुळे किंवा भिंतीमुळे लिंक पडली असती तर आकडा हलता राहिला असता: कधी ३९, कधी ५८, कधी ६५. चार फुटांवर दिवसरात्र ५४ वरच खिळलाय, म्हणजे सेटिंगनंच त्याला बांधून ठेवलंय.

लॅपटॉप केबलनंच जोडून ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडा (पत्ता आणि पासवर्ड ओएनटीच्या खालच्या स्टिकरवर असतो). वायफायवरून बदल कराल तर मध्येच जोडणी तुटेल. वायरलेसच्या पानावर दोन गोष्टी बघा. मोड 'बी/जी' असेल तर 'बी/जी/एन' करा ('एन' म्हणजे 'जी'नंतरचं, जास्त वेगाचं मानक). सिक्युरिटीत एन्क्रिप्शन (माहिती कुलूपबंद करायची पद्धत) जुनं 'टीकेआयपी' असेल तर 'डब्ल्यूपीए२-पीएसके' आणि 'एईएस' निवडा. 'एन' मानकात टीकेआयपी किंवा त्याहून जुन्या डब्ल्यूईपीवर वरचे वेग द्यायलाच मनाई आहे, म्हणून राउटर गुपचूप ५४ वर उतरतो. 'टीकेआयपी+एईएस' असं मिश्रही ठेवू नका, काही राउटर त्यावरही अडतात.

अडाणकाठ
मोड बी/जी/एन आधीपासूनच होता. एन्क्रिप्शन मात्र टीकेआयपी निघालं, ते एईएस केलं. मोबाइलमध्ये नेटवर्क 'विसरा' करून पुन्हा जोडलं. तरी ५४ च. एईएसवर जुना कॅमेरा चालेल ना?

वर्धाकाठ
मग 'ॲडव्हान्स्ड वायरलेस'मध्ये जा आणि 'डब्ल्यूएमएम' (कुठला डेटा आधी पाठवायचा ते ठरवणारी सोय) चालू आहे का ते बघा. स्पीड वाढतो म्हणून ते बंद करायचा सल्ला फिरत असतो, आणि परिणाम नेमका उलटा होतो. 'एन'ला डब्ल्यूएमएम लागतंच. ते बंद केलं की मोड काहीही ठेवा, लिंक ५४ च्या वर चढत नाही.

आणि एक, आपल्याकडे हे फार महत्त्वाचं. बऱ्याच ओएनटीमध्ये 'अप्लाय' दाबून काम पूर्ण होत नाही. मेंटेनन्सच्या पानावर 'कमिट अँड रीबूट' वेगळं असतं. ते राहिलं तर लाईट जाऊन आली की जुनी सेटिंग परत येते, आणि माणसाला वाटतं बदलाचा उपयोगच झाला नाही. कमिट चालू असताना वीज जाऊ देऊ नका, इन्व्हर्टरवर असतानाच करा.

कॅमेऱ्याची काळजी नको. २००६ मध्येच वायफाय प्रमाणपत्रासाठी डब्ल्यूपीए२ सक्तीचं झालं, आणि त्यात एईएस येतंच.

अडाणकाठ
डब्ल्यूएमएम बंदच होतं. चालू केलं, कमिट केलं. लिंक १४४, स्पीड ८१! घरातल्या दुसऱ्या, स्वस्त मोबाइलवर लिंक ७२ आणि स्पीड ४५ येतो. त्यातही काही चुकतंय का?

पैनगंगा
नाही, त्या मोबाइलला एकच अँटेना आहे. २० मेगाहर्ट्झवर एका अँटेनाची हद्द ७२ आणि दोनची १४४. ४५ म्हणजे उत्तम.

कवेलू
कुणी चॅनल विड्थ (सिग्नलच्या पट्ट्याची रुंदी) २० ऐवजी ४० मेगाहर्ट्झ करा म्हणेल. गावात दोनच वायफाय आहेत, त्यामुळे शेजाऱ्याला त्रास होणार नाही हे खरं. पण २.४ वर बरेच मोबाइल ४० घेतच नाहीत, आणि सिग्नल पसरट झाला की अंगणापर्यंतची पोच घटते. २० च ठेवा. चॅनल १, ६, ११ पैकी जो मोकळा असेल तो.

गोठ्यावर टिनाचे पत्रे असतील तर वायफायच्या भरवशावर राहू नका, पत्र्यातून सिग्नल पार होत नाही. कॅमेऱ्याला लॅनचं पोर्ट असेल तर सरळ केबल टाका. तांब्याच्या केबलला १०० मीटरपर्यंत चालतं, २५ काहीच नाही. पोर्ट नसेल तर जुना राउटर तिथे लावा: त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, डीएचसीपी (जोडलेल्या उपकरणांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद करा आणि केबल 'वॅन'मध्ये नाही, 'लॅन'च्या भोकात घाला. डीएचसीपी चालू राहिलं तर दोघंही पत्ते वाटतात आणि नेट कधी चालतं, कधी नाही.

केबल शुद्ध तांब्याची, बाहेर वापरायची काळ्या आवरणाची घ्या. घरातली साधी केबल उन्हात तडकते. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल जॅकपाशी तुटते. आणि घर ते गोठा अशी तांब्याची वायर उघड्यावरून जाणार असेल तर विजा कडाडायला लागायच्या आधीच ती दोन्ही टोकांना काढून ठेवा, नाहीतर ओएनटी आणि कॅमेरा दोन्ही जळू शकतात.