अंगावरची लव आणि रंगमंच: माहितगारांचा अनुभव धागा

धागाकर्ती, भरतनाट्यम शिकवते

अरंगेत्रमची, म्हणजे शिष्येच्या पहिल्या एकल मंचप्रयोगाची, तारीख ठरली की पोशाख, दागिने, मृदंगम् वादक, हॉलचं भाडं अशी यादी होते आणि त्यात 'हात-पाय वॅक्स' ही ओळ कोणी न विचारता येऊन बसते. मुलगी चौदा-पंधरा वर्षांची असते. तिला ते हवंय का, हे बहुतेक घरांत कोणी विचारत नाही.

हंसास्य या हस्तमुद्रेचा विनियोग, म्हणजे ती कुठे कुठे वापरायची ते, पाठ करताना प्रत्येक मुलगी 'रोमांचे मौक्तिकादौ च' म्हणते. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय या आठ सात्त्विक भावांत रोमांच, म्हणजे अंगावर काटा येणं, तिसरा. 'कुमारसंभवा'च्या पहिल्या सर्गात पार्वतीच्या नाभीपर्यंत पोचणारी कोवळी लोमराजी, म्हणजे लवेची रेघ, तिच्या सौंदर्याच्या वर्णनात येते. म्हणजे ज्या परंपरेचं नाव घेऊन आपण मुलींना 'नीटनेटकी दिस' म्हणतो, तिला बाईच्या अंगावरच्या लवेचं वावडं नाही. हातावरची लव ठेवूनही उत्तम नाचता येतं आणि काढूनही. कोणीही दडपण आणू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

या धाग्यावर कोण कोणाला काय बोललं ते नको. प्रेक्षागृहातून नेमकं काय दिसतं, काढायचे तर कधी आणि कसे, ठेवायचे तर कशाची काळजी घ्यायची, चुकतं ते कुठे, हे आपापल्या कामातून लिहा.

प्रकाशयोजना करणारी

पहिली रांग मंचापासून तीन-चार मीटरवर असते. तिथून हातावरचा एकेक केस सुटा दिसत नाही. लव दाट असेल तर हाताचा वर्ण किंचित गडद भासतो, इतकंच. समोरून येणारा उबदार पिवळसर प्रकाश तेवढाही फरक पुसतो.

फरक पडतो तो साइड लाइटने. विंगेतून आडवा पडणारा प्रकाश केसाची एक कड उजळतो आणि दुसऱ्या बाजूला सावली पाडतो. त्यात निळा किंवा थंड पांढरा रंग असेल तर पोत आणखी उठून दिसतो. मागून स्पॉट असेल तर हाताभोवती बारीक उजळ कड येते. ती मला तरी सुंदर वाटते. भरतनाट्यमसारख्या नृत्यात पाय घोट्यापर्यंत झाकलेले असतात, त्यामुळे नडगीच्या उंचीवरच्या दिव्यांचा प्रश्न येत नाही. आधुनिक नृत्यात पाय उघडे असतील तर याच दिव्यांत पोटरी सगळ्यात स्पष्ट दिसते.

हातांना ब्लीच करणाऱ्यांसाठी एक सूचना. काळी लव सावळ्या त्वचेवर मिसळून जाते, पण ब्लीच केलेली सोनेरी लव साइड लाइटमध्ये चमकते. लपवायला म्हणून केलेलं नेमकं उलटं पडतं.

आणि ज्या फोटोंवरून घरी चर्चा होते, ते मोठ्या लेन्सने जवळून काढलेले असतात. प्रेक्षकाने ते तसं पाहिलेलंच नसतं. छायाचित्रकाराला आधी सांगून ठेवा की फोटोतले केस परस्पर पुसायचे नाहीत, नर्तिकेला विचारूनच.

रंगभूषाकार

वरच्या पोस्टला जोडून. हातांना पॅनकेक, म्हणजे ओल्या स्पंजने लावायचा मेकअपचा रंग, लावताना स्पंज ओला करून घट्ट पिळायचा आणि लव ज्या दिशेने वाढते त्याच दिशेने, म्हणजे हातावर साधारण कोपराकडून मनगटाकडे, ओढायचा. उलट दिशेने घासलं की रंग केसांच्या मुळाशी साचतो आणि वाळल्यावर पांढरट ठिपके दिसतात. मग सगळे म्हणतात, 'केसांमुळे मेकअप बसला नाही.' तो हात उलटा फिरल्यामुळे बसलेला नसतो. थर एकच, पातळ. वर पावडर दाबून, चोळून नाही.

चेहरा दोन छटा उजळ आणि हात मूळ रंगाचे, ही चूक पहिल्या रांगेला केसांच्या कितीतरी आधी दिसते. सगळी मेहनत तिथे करा.

भुवया काजळाने रेखून कानशिलाकडे लांबवायच्याच असतात, त्यामुळे कार्यक्रमासाठी म्हणून थ्रेडिंगची गरज नसते. वरच्या ओठावरची लव ठेवायची असेल तर पावडरचा ब्रश वरून खाली फिरवा, लव बसते. काढायची असेल तर दोन दिवस आधी. त्याच दिवशी सकाळी थ्रेडिंग केलं तर लाली रंगाखालूनही डोकावते, आणि घाम आला की पहिल्या पदातच ओठावर आग होते. अभिनय करणाऱ्या बाईसाठी यापेक्षा वाईट काही नाही.

पार्लर चालवते, नृत्यवर्गातल्या मुली नेहमीच्या

काढायचेच असतील तर वेळापत्रक महत्त्वाचं.

वॅक्स कार्यक्रमाच्या दोन-तीन दिवस आधी. केस पाच-सहा मिलिमीटर, साधारण तांदळाच्या दाण्याएवढे वाढलेले हवेत. त्याहून आखूड असले की वॅक्स ते धरत नाही, मग पुन्हा पुन्हा त्याच जागी पट्टी मारली जाते आणि साल निघतं. आधी रेझर फिरवला असेल तर तीनेक आठवडे थांबायचं.

घरी साखरेचं करणाऱ्यांसाठी: दोन वाट्या साखर, पाव वाटी लिंबाचा रस, पाव वाटी पाणी. मंद आचेवर मधाच्या रंगाचा होईपर्यंत. वाटीभर गार पाण्यात थेंब टाकला तर बोटांत मऊ गोळी व्हायला हवी, लाडवाच्या गोळीबंद पाकासारखी. पाक कच्चा राहिला तर त्वचेला चिकटून बसतो आणि उचलत नाही. पुढे गेला तर पट्टीवरच तडकतो. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब लावून गरमपणा पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही. साखरेच्या पाकाचा चटका तेलाच्या चटक्याइतकाच खोल जातो.

त्वचा कोरडी, वर थोडी पावडर. केसांच्या दिशेने लावायचं, उलट दिशेने ओढायचं, आणि ओढताना हात त्वचेला समांतर ठेवायचा. पट्टी वर, छताकडे उचलली की केस मुळातून न येता मध्येच तुटतो. तुटलेलं टोक आतच वळतं आणि दहा-बारा दिवसांनी टोचणारी पुळी येते. काखेत केस दोन-तीन दिशांना वाढतात, तिथे एकच मोठी पट्टी मारणारी बाई घाई करत्येय असं समजा.

नंतर २४ ते ४८ तास तालीम, गरम पाण्याची अंघोळ, अत्तर, घट्ट बाही, काही नाही. नवरात्रात याच्या उलट होतं. दुपारी पाठ वॅक्स, संध्याकाळी बिनपाठीची चोळी घालून चार तास गरबा. उघड्या रोमरंध्रांत घाम आणि धूळ गेली की दुसऱ्या दिवशी पाठभर पुळ्या.

मुरुमांवर आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील, किंवा बंद करून सहा महिने झाले नसतील, तर वॅक्स अजिबात नाही. केसांसोबत वरची त्वचाही निघते. मुली हे सांगत नाहीत, आपणच विचारायचं.

पोशाख शिवणारी

काखेबद्दल फारसं कोणी लिहिलं नाही म्हणून. भरतनाट्यमच्या ब्लाउजची बाही दंडावर असते, काख दिसत नाही. तिथले केस काढायचे की नाही याचा दिसण्याशी संबंधच नाही. प्रश्न घर्षणाचा आहे. काखेतले केस त्वचेला त्वचा घासू देत नाहीत. काढल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खुंट येतात, आणि नाट्यारंभ या मूळ स्थितीत हात खांद्याच्या पातळीवर धरून दीड तास नाचायचं असतं. खुंट, जरीचं कापड आणि घाम एकत्र आले की काख सोलवटते.

जरीचं कापड त्वचेपर्यंत येऊ देऊ नका. आत मऊ सुती अस्तर, बगलेत चौकोनी तुकडा जोडलेला, म्हणजे हात उचलल्यावर शिवण ताणत नाही. घामाचे पॅड अस्तराला टाके घालून लावा. चिकटपट्टीचे पॅड ओले झाले की सुटून केसांना चिकटतात.

दंडावरची वाकी साखळीची असेल तर कड्यांमध्ये लव अडकते. खाली दोन सेंटिमीटर रुंदीची, त्वचेच्या रंगाची सुती पट्टी ठेवा. दोन्ही बाजूंनी चिकटणारा टेप लावलाच असेल तर ओढू नका. खोबरेल तेल लावून पाच मिनिटं थांबा आणि लवेच्या दिशेने सोडवा.

कथक शिकवणारी

घोट्यापुरतं लिहिते. सुती दोरीत ओवलेले घुंगरू शंभर असोत की दोनशे, दोरीचा प्रत्येक वेढा पायाला रगडतो. ताजं वॅक्स किंवा रेझर झालेल्या घोट्यावर ते बांधले की तत्कारात, म्हणजे पायांच्या बोलांत, अर्ध्या तासात लाल चट्टे येतात. पाय वॅक्स करायचेच असतील तर घोट्याच्या वर चार बोटांवर थांबा, नाहीतर आठवडाभर आधी करा. केस ठेवणाऱ्यांनी खाली सुती पट्टी एकाच दिशेने, वरून खाली गुंडाळा. उलटसुलट गुंडाळली तर केस पिळले जातात आणि सोडताना ओढ बसते.

त्वचारोग डॉक्टर

तीन गैरसमज आधी. रेझरने केस जाड होत नाहीत. केस मधूनच कापल्यामुळे टोक बोथट होतं, म्हणून हाताला राठ लागतं. दुसरा, काखेतले केस म्हणजे अस्वच्छता नाही. तिथला घाम येतो तेव्हा त्याला वास नसतो, त्वचेवरचे जिवाणू त्याचं विघटन करतात तेव्हा येतो. रोज साबण-पाणी पुरतं. तिसरा, वॅक्स केलं की रोमांच उठत नाही, असं काहींना वाटतं. प्रत्येक रोमरंध्राला एक बारीक स्नायू असतो. केस गेला तरी स्नायू तिथेच राहतो, काटा येतोच.

काखेसाठी मधला मार्ग मी सुचवते: तीन मिलिमीटरची टोपी लावून ट्रिमर. खुंट टोचत नाहीत, कापत नाही, डिओडरंट केसांत गोळा होत नाही. रेझरच हवा असेल तर आदल्या रात्री, कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटं भिजवून, फेस करून, नव्या पात्याने, केसांच्या दिशेने. त्या रात्री डिओडरंट नको. केस काढायचं क्रीम असेल तर २४ तास आधी छोट्या जागेवर लावून पाहा, आणि डब्यावरच्या वेळेपेक्षा एक मिनिटही जास्त नाही.

लेझर केसातल्या काळ्या रंगद्रव्यावर काम करतो. आपल्या सावळ्या त्वचेतही तेच रंगद्रव्य असल्याने चुकीच्या लेझरने भाजतं. १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग आपल्याला जास्त सुरक्षित. चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने सहा-आठ सत्रं, म्हणजे पाच ते दहा महिने. कार्यक्रमाच्या महिनाभर आधी येऊन उपयोग नाही. चेहऱ्यावरच्या बारीक लवेवर लेझर टाळा, काही वेळा ती उलट गडद आणि जाड होते.

आता जे खरं महत्त्वाचं. हनुवटी, छाती, पोटावर जाड काळे केस आणि सोबत अनियमित पाळी असेल तर पीसीओएसची, म्हणजे अंडाशय आणि संप्रेरकांशी संबंधित विकाराची, तपासणी करा. आम्ही शरीराच्या नऊ जागांवरचे केस पाहून प्रत्येक जागेला ० ते ४ गुण देतो, एकूण ३६ पैकी. औषधांचा केसांवरचा परिणाम दिसायला सहा महिने लागतात, लोक दोन महिन्यांत सोडून देतात. काही आठवड्यांत भराभर केस वाढले, आवाज घोगरा झाला, तर वाट पाहू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.

नृत्यशिक्षकांना कळकळीने सांगते: मुलगी झपाट्याने वाळत चाललीये, पाळी बंद झालीये आणि पाठीवर, हातांवर मऊ, पिसासारखी नवी लव आलीये, तर ते उपासमारीचं लक्षण असू शकतं. तिला वॅक्सिंगला नको, डॉक्टरकडे पाठवा.

लावणी आणि संगीत नाटकाची वेशभूषा पाहणारा

पुरुषांनी स्त्रीभूमिका करायच्या नाटकांत दाढी-मिशी गुळगुळीत काढणं ही कामाची गरज होती. तिथे केस नसणं ही 'ही बाई आहे' अशी प्रेक्षकाला दिलेली खूण होती. बाई स्वतः मंचावर आहे तिथे त्या खुणेची गरज उरत नाही, पण अपेक्षा मात्र तिच्यावरच आली. नऊवारीत पाय झाकलेले, पायात चाळ, हातभर बांगड्या. उघडा उरतो तो कोपर ते बांगडी एवढा हात. गाणाऱ्या बाईला माइकची पट्टी मानेवर लावाल तर अंबाड्याखालचे बारीक केस आधी वर विंचरा, नाहीतर काढताना तिच्या डोळ्यांत पाणी येतं.

धागाकर्ती

'वर्गात सूचना कशी द्यायची' असं दोघींनी विचारलंय. माझ्या वर्गाच्या सूचनापत्रात केसांबद्दल एवढंच छापते: 'अंगावरचे केस काढण्याची आवश्यकता नाही. ज्यांना काढायचे असतील त्यांनी कार्यक्रमाआधी किमान दोन दिवस काढावेत. घोट्यांसाठी किमान सात दिवस.' हे सगळ्यांना सारखंच जातं, एकीला बाजूला घेऊन काही सांगायचं नाही. बाराच्या आतल्या मुलींच्या पत्रात फक्त पहिलं वाक्य ठेवते. आणि पत्र तारखेच्या सहा आठवडे आधी देते, म्हणजे ज्या आईने वॅक्सची वेळ आधीच घेऊन ठेवली असेल, तिलाही मुलीला एकदा विचारायला अवधी मिळतो.