पाणी काढलं म्हणजे क्षय गेला असं नाही

हृदयाभोवतीच्या आवरणाला क्षय (टीबी) होऊन तिथे साठलेलं पाणी काढल्यावर धाप थांबली, मग सहा महिने क्षयाच्या गोळ्या कशाला, असं वर एकाने विचारलंय. पाणी काढल्याने हृदयावरचा दाब उतरतो, जंतू आवरणातच राहतात. कृपा करून गोळ्या मध्येच सोडू नका.

एक गोष्ट मात्र कुणी लिहिली नाही. पाणी आटल्यावरही ते आवरण जाड, कडक होऊन हृदयाला आवळू शकतं. इथे कोल्हापुरात, सीपीआर या सरकारी रुग्णालयात आत्याचे उपचार चालू होते तेव्हा डॉक्टर दरवेळी पायांची सूज आणि मानेची शीर बघायचे, ते यासाठीच. इको (हृदयाची सोनोग्राफी) पुन्हा करून घ्या. स्टेरॉइडचं म्हणाल, तर २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या आफ्रिकेतल्या १४०० रुग्णांच्या अभ्यासात स्टेरॉइडमुळे मृत्यू घटले नाहीत, आवळण्याचं प्रमाण मात्र घटलं. एचआयव्ही असलेल्यांत कर्करोग वाढले. त्यामुळे ती स्वतःच्या मनाने सुरू करू नका, बंदही करू नका.